डॅनियल बून : वाट पाडणाऱ्याचे घराणे

दोन वर्षांपूर्वी आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत नव्याने छापायचे ठरले, तेव्हा पुण्याच्या काकांनी मला एक फॉर्म पाठवला. मूळ गाव, कुलदैवत, स्थावर, स्थलांतर कोठून कोठे, असे रकाने होते. मूळ गाव म्हणून मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या गावाचे नाव लिहिले तिथे मी आयुष्यात दोनदाच गेलो आहे. वडिलांची नोकरी इटारसीत झाली, माझी बिलासपूरला चालू आहे आणि मुलगा हैदराबादला शिकतो. आपल्या मंडळातल्या बहुतेकांची हीच गत आहे. तेव्हापासून मला वंशावळी वाचायचा नाद लागला आणि त्या नादात अमेरिकेतल्या एका घराण्याशी गाठ पडली. पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिमेकडे सरकत राहिलेले हे बून घराणे. त्यातला डॅनियल बून अमेरिकेत शाळकरी मुलांनाही माहीत असतो. चित्रात त्याच्या डोक्यावर शेपटीची कातडी टोपी दाखवतात, पण ती टोपी त्याला आवडत नसे. तो साधी फेल्ट हॅट घाली.

घराण्याचे मूळ इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात. डॅनियलचे आजोबा जॉर्ज बून हे ब्रॅडनिंच गावचे विणकर. ते क्वेकर पंथाचे होते. क्वेकर म्हणजे साधे राहणारे, शस्त्र न उचलणारे, शपथ न घेणारे लोक. त्यांना इंग्लंडात त्रास होता आणि पेनसिल्व्हेनिया ही वसाहत तर एका क्वेकरानेच वसवलेली. जॉर्ज बून सावध गृहस्थ होते. आधी त्यांनी तीन मोठी मुले पाहणीला पाठवली आणि ती रमल्यावर १७१७ मध्ये पत्नी व बाकीची मुले घेऊन स्वतः निघाले. नव्या जागी पुढे जो तालुका झाला त्याला जुन्या मुलखातल्या शहराचे, एक्सेटरचे, नाव पडले. माणूस कुठेही गेला तरी गावाचे नाव सोबत नेतो!

ह्या घराण्याचा कागद लिहिणारे लोक घरातच होते. डॅनियलचे काका जॉन बून हे शिक्षक. त्यांना ठाऊक असलेली वंशावळ पुढे जेम्स बून ह्या पुतण्याने १७८८ मध्ये लिहून काढली. आजोबा जॉर्ज १७४४ मध्ये वारले त्या वेळी ८ मुले, ५२ नातवंडे आणि १० पतवंडे हयात होती, असा हिशेब तीत आहे. एकूण ७०. बायबलात याकोबाच्या घरची तितकीच माणसे इजिप्तला गेली, हेही लिहिणाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. शेजारीच लिंकन नावाचे कुटुंब राहत होते. डॅनियलची चुलत बहीण अ‍ॅन त्या घरात दिली. तिचा नवरा अब्राहम लिंकन हा राष्ट्राध्यक्ष लिंकन ह्यांच्या पणजोबांचा सावत्र भाऊ. नाव तेच असल्याने वाचताना घोटाळा होतो, माझाही झाला.

डॅनियल १७३४ मध्ये जन्मला, अकरा भावंडांत सहावा. वडील स्क्वायर बून विणकाम, लोहारकाम आणि शेती करीत. आई सेरा मॉर्गन मूळची वेल्श. घरात सगळे ठीक चालले असताना थोरल्या मुलीने १७४२ मध्ये पंथाबाहेर लग्न केले. वडिलांनी पंथाची माफी मागितली. पाच वर्षांनी मुलगा इझ्राएल यानेही तेच केले. ह्या वेळी मात्र बापाने मुलाची बाजू घेतली, माफी मागितली नाही, आणि १७४८ मध्ये पंथाने त्यांना वाळीत टाकले. १७५० मध्ये जमीन विकून कुटुंब दक्षिणेला निघाले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या यॅडकिन नदीच्या खोऱ्यात स्थिरावले. वंशावळीत हे एका ओळीत येते, पण त्या ओळीमागे बापाचा केवढा मनस्ताप असेल.

१७५५ मध्ये डॅनियल इंग्रज सेनापती ब्रॅडक याच्या मोहिमेत गाडीवान होता. मोहीम पार फसली, पण तिथे भेटलेल्या जॉन फिन्लीकडून त्याने डोंगरापलीकडच्या केंटकी मुलखाचे वर्णन ऐकले. पुढच्या वर्षी सतरा वर्षांच्या रिबेका ब्रायनशी त्याचे लग्न झाले. त्यांना दहा मुले झाली. डॅनियल महिनेच्या महिने शिकारीला जाई आणि शेत, गुरे, मुले सारे रिबेका पाही. १७६९ मध्ये तो फिन्ली आणि मेहुणा जॉन स्टुअर्ट यांच्यासह केंटकीत गेला तो जवळजवळ दोन वर्षांनी परतला. शॉनी लोकांनी त्याची कातडी दोनदा काढून घेतली. त्यांच्या दृष्टीने ती त्यांच्या शिकारीच्या रानातली चोरीच होती. स्टुअर्ट रानात गेला तो परत आलाच नाही. डॅनियलची धाकटी बहीण हॅना त्याची बायको.

१७७३ मध्ये डॅनियलने घरदार आणि इतर कुटुंबे घेऊन केंटकीकडे कूच केले. १० ऑक्टोबरला मागे राहिलेल्या तुकडीवर हल्ला झाला आणि थोरला मुलगा जेम्स हाल करून मारला गेला. वय सोळा. हल्लेखोरांतला एक जण बून कुटुंबाच्या ओळखीचा होता. मंडळी मागे फिरली.

तरीही दीड वर्षाने तो पुन्हा निघाला. इथे माझ्यासारख्या रुळांच्या माणसाचा जीव अडकतो. रिचर्ड हेंडरसन नावाच्या न्यायाधीशाच्या कंपनीने मार्च १७७५ मध्ये चेरोकी लोकांकडून केंटकीचा मोठा भाग विकत घेतल्याचा करार केला. चेरोकींतल्या ड्रॅगिंग कनू या तरुण सरदाराने त्याला कडाडून विरोध केला होता. वाट पाडण्याचे काम बूनला मिळाले. होल्स्टन नदीवरून सुमारे तीस कुऱ्हाडवाले घेऊन तो निघाला आणि एप्रिलच्या सुरुवातीला केंटकी नदीवर पोचला. अंतर साधारण २०० मैल. ना थिओडोलाइट, ना लेव्हल. अलाइनमेंट आधीच ठरलेली होती, ती गवा आणि रहिवासी जमातींनी शेकडो वर्षे चालून ठरवली होती. बूनच्या गँगने झाडे तोडली, वेतासारखी दाट झुडपे जाळली आणि तुटलेले दुवे जोडले. सगळा खेळ कंबरलंड गॅप ह्या खिंडीचा. अ‍ॅपलाचियन डोंगररांगेत ती जवळजवळ १६०० फुटांवर आहे. घाटात लाइन टाकणाऱ्याला खिंडीची किंमत सांगावी लागत नाही. बूनची वाट घोडा आणि पायी माणूस एवढ्यापुरतीच होती, बैलगाडी जाण्याजोगी ती १७९६ मध्ये झाली. १७७५ मध्ये केंटकीत गोऱ्यांची वस्ती नावापुरती होती. १७९० च्या शिरगणतीत ७३,६७७ आणि १८०० मध्ये २,२०,९५५ माणसे मोजली गेली. ह्यात गुलाम म्हणून आणलेले हजारो काळे लोकही होते, आणि खुद्द बूनच्या घरीही गुलाम होते. पुढे ह्याच खिंडीखालून रेल्वेचा बोगदा निघाला आणि १९९६ मध्ये मोटारींचाही.

वाटेच्या टोकाला बून्सबरोची गढी उभी राहिली. जुलै १७७६ मध्ये त्याची मुलगी जमायमा आणि कॅलवे घराण्यातल्या दोन मुली होडीत असताना पळवल्या गेल्या. बापाने माग काढत तिसऱ्या दिवशी त्यांना सोडवले. सोडवणाऱ्यांतल्या फ्लँडर्स कॅलवेशी जमायमाचे पुढे लग्न झाले. फेब्रुवारी १७७८ मध्ये मीठ करायला गेलेला बून स्वतःच शॉनींच्या हाती सापडला. सरदार ब्लॅकफिश याने त्याला मुलगा म्हणून दत्तक घेतले आणि शेल्टोवी, म्हणजे मोठे कासव, असे नाव दिले. वंशावळीच्या फॉर्ममध्ये ह्या बापाला रकाना नाही. गढीवर हल्ला होणार हे कळताच जूनमध्ये बून निसटला आणि चार दिवसांत १६० मैल तुडवून घरी आला. रिबेका तो मेला असे समजून मुलांना घेऊन माहेरच्या मुलखात गेली होती. थांबली होती एकटी जमायमा. सप्टेंबरातला वेढा गढीने परतवला, पण आपल्याच लोकांनी फितुरीचा आरोप ठेवून बूनला लष्करी न्यायालयात उभे केले. तो निर्दोष सुटला. ह्या प्रसंगाबद्दल तो पुढे फारसे बोलत नसे.

१७८० मध्ये भाऊ एडवर्ड त्याच्यासोबत शिकारीला गेला असता मारला गेला. त्याची बायको रिबेकाची सख्खी बहीण होती. १९ ऑगस्ट १७८२ ला ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इझ्राएल बापाच्या डोळ्यांसमोर पडला.

एवढे देऊन हाती काय राहिले? जमिनीच्या कागदांसाठी लोकांनी विश्वासाने दिलेले सुमारे वीस हजार डॉलर १७८० मध्ये प्रवासात चोरीला गेले. ते तो वर्षानुवर्षे फेडत राहिला. हेंडरसनचा दावा व्हर्जिनियाने रद्द केला होता. बून सरकारी सर्व्हेअर झाला आणि त्याने पुष्कळ जमीन मोजली, पण त्या काळी केंटकीत एकाच जमिनीवर चारचार दावे कौलांसारखे एकावर एक चढलेले असत. खुणेला झाड, हद्दीला ओढा! बूनची मोजणीही फार काटेकोर नव्हती, हे मोजणीचे काम केलेल्या माणसाने कबूल करायला हवे. वेळेत नोंद करणे त्याला जमले नाही आणि खोट्या साक्षी द्यायची तयारी नव्हती. दाव्यांमागून दावे हरले. १७९८ मध्ये केंटकीत एका जिल्ह्याला बूनचे नाव मिळाले आणि त्याच वर्षी समन्सला हजर न राहिल्याबद्दल त्याच्या अटकेचे वॉरंटही निघाले.

१७९९ मध्ये, पासष्टीला टेकलेला बून मिसूरीत गेला. तो मुलूख तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला सुमारे ८५० एकर दिले आणि गावचा न्यायनिवाडाही सोपवला. न्यू ऑर्लिन्सला जाऊन सनद पक्की करायचे तेवढे राहून गेले. १८०३ मध्ये अमेरिकेने तो मुलूख विकत घेतला आणि कागद अपुरा म्हणून जमीन पुन्हा गेली. १८१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ती परत दिली, ती त्याने केंटकीचे देणेकरी भागवायला विकून टाकली. रिबेका आदल्या वर्षीच गेली होती. बूनने आपली शवपेटी आधीच करून घरात ठेवली होती. २६ सप्टेंबर १८२० ला धाकटा मुलगा नेथन याच्या दगडी घरात तो वारला. ते घर अजून उभे आहे.

मुलेही बापासारखीच निघाली. नेथन आणि डॅनियल मॉर्गन यांनी मिसूरीत मीठ काढले आणि त्यांच्या आगराकडे जाणारी वाट बून्सलिक रोड झाली. नातू अल्बर्ट बून कोलोरॅडोपर्यंत गेला. १८६१ च्या फोर्ट वाइज करारात शायान आणि अरापाहो जमातींची बहुतेक जमीन गेली, त्या करारात सरकारच्या बाजूने तो होता. आजोबांची जमीन कागदाने गेली, आणि नातवाने दुसऱ्यांची कागदाने घेतली. १८५१ मध्ये लायमन ड्रेपर हा संशोधक म्हाताऱ्या नेथन आणि त्याची पत्नी ऑलिव्ह यांच्यासमोर वही घेऊन बसला म्हणून घरातल्या कितीतरी गोष्टी उरल्या. १९२२ मध्ये हेझल स्प्रेकर यांनी सगळ्या शाखांचे जाडजूड पुस्तकच काढले.

मुक्काम हलवणे मात्र मेल्यावरही सुटले नाही. १८४५ मध्ये केंटकीच्या लोकांनी मिसूरीतून बून आणि रिबेका यांच्या अस्थी उकरून फ्रँकफर्टला नेल्या आणि मोठे स्मारक बांधले. मिसूरीत अनेकांचे म्हणणे असे, की खणणाऱ्यांनी भलतीच कबर खणली आणि डॅनियल अजून जागच्या जागी आहे. दोन्ही राज्यांत त्याच्या नावाचा दगड आहे.