अर्जामागे माणसं उभी करणारे सार्वजनिक काका

आमदार-खासदारांना निवेदन देणं आपल्या सीमाभागात नवं नाही. निवेदन द्यायचं, फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी बातमी. पुढे त्या कागदाचं काय झालं, हे विचारायला सहसा कोणी जात नाही. म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काकांची आठवण काढावीशी वाटते.

काकांचा जन्म 1828 चा, साताऱ्याचा. आधी सरकारी नोकरी केली, मग पुण्यात वकिली. पुण्यात तेव्हा पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल तक्रारी होत्या. पण तक्रार घेऊन सरकारकडे गेलं की एकच अडचण यायची, तुम्ही नेमके कोणाच्या वतीने बोलताय? काकांनी हा प्रश्न मनावर घेतला. वकीलच ते! अशिलाचं वकीलपत्र लागतं, तसं जनतेचंही घेऊ, असं त्यांनी ठरवलं.

2 एप्रिल 1870 ला पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर किमान 50 प्रौढ माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं, असा नियम. सुरुवातीला 95 सभासद होते. हिशेबाने 4,750 सह्या पुरल्या असत्या, पण सभेच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोक उभे राहिले. मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

1871 मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात आले. अर्जांना मुद्देसूद भाषा आणि आकडे मिळाले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. माणसं जमवणं, पायपीट करणं काकांकडे. ही जोडी चांगलीच जमली. सारावाढीची तक्रार करायची तर सभेने आधी समिती नेमून चौकशी केली, नुसतं शेतकरी हैराण आहे असं लिहून मोकळे झाले नाहीत.

1875 मध्ये तर सभेने थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज केला. मागणी अशी की, हिंदुस्थानचे प्रतिनिधी तिथे बसले पाहिजेत. एकवीस हजारांहून जास्त सह्या होत्या. मागणी मान्य झाली नाही, हेही सांगायला हवं.

पुढे 1876-77 चा मोठा दुष्काळ आला. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेला आपला बेळगाव जिल्हा, शेजारचे धारवाड, कलादगीही त्यात होरपळले. सभेने ठिकठिकाणची माहिती मागवली. पाऊस, पिकं, धान्याचे भाव, दुष्काळी कामावरच्या मजुरांची स्थिती, सगळं लिहून मुंबई सरकारकडे पत्रांमागून पत्रं गेली. मजुरी कापून ती जेमतेम एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा सभेने कडक विरोध केला. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि त्यावर दिवसभर खडी फोडायची!

1877 च्या दिल्ली दरबारात काका सभेतर्फे गेले. राजेरजवाड्यांच्या त्या थाटात हा माणूस हाताने कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या कपड्यांत. स्वदेशीचं व्रत त्यांनी 1872 पासूनच घेतलं होतं. मानपत्र राणीसाठी होतं, पण त्यातही इथल्या प्रजेला इंग्रज प्रजेइतकाच दर्जा द्या, ही मागणी घातलेली होतीच.

1879 मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचं वकीलपत्र घ्यायला काका पुढे आले. तेव्हा ते काम अंगावर घेणं सोपं नव्हतं. पुढच्याच वर्षी, 25 जुलै 1880 ला, वयाच्या 52 व्या वर्षी ते गेले. सार्वजनिक सभा त्यांच्यानंतरही अर्ज पाठवत राहिली.