पगडीतील माई : नांदेडच्या माई भागो यांचे जीवन

गोदावरीच्या तीरावर वसलेले नांदेड हे शीख बांधवांचे अत्यंत पवित्र तीर्थक्षेत्र होय. त्यांचे दहावे गुरू गोविंदसिंहजी यांनी इ. स. १७०८ मध्ये येथेच देह ठेवला. महाराजा रणजितसिंह यांनी एकोणिसाव्या शतकात बांधवून घेतलेले तख्त सचखंड श्री हुजूर साहिब आज या नगरीची ओळख बनले आहे. याच तख्ताच्या आवारात ‘बुंगा माई भागो’ नावाची वास्तू आहे. बुंगा म्हणजे निवासस्थान. गुरूंच्या अंगरक्षकांपैकी एक असलेल्या स्त्रीचे हे वास्तव्याचे स्थान, असे परंपरा सांगते. डोक्यावर पगडी, अंगावर पुरुषाचा वेश आणि हाती शस्त्र असलेल्या या स्त्रीला शीख समाज आजही आदराने ‘माई’ म्हणतो.

या जीवनाकडे वाचकांचे लक्ष वेधण्यास एक कारण आहे. केस आखूड असलेल्या स्त्रीला पुरुष समजून ‘अहो दादा’ अशी हाक मारली जाणे, स्त्रियांच्या रांगेत उभी असता तिला पलीकडच्या रांगेत जाण्यास सांगितले जाणे, हा अनुभव आपल्या मराठवाड्यातही अनेक भगिनींच्या वाट्याला येतो. कोणी खेळाडू असते, कोणी शेतातल्या व घरातल्या कामाच्या सोयीसाठी केस कापलेले असतात, कोणी तिरुपतीला नवस फेडून आलेली असते, तर कोणाचे केस कर्करोगावरील औषधांनी गेलेले असतात. हाक मारणारा क्षणभर हसून पुढे जातो. जिला हाक मारली तिच्या मनात ती दिवसभर राहते. लोकांच्या नजरेला काय दिसते आणि प्रत्यक्षात समोर कोण असते, या प्रश्नाचा विचार करताना माई भागो यांचे चरित्र आपल्याला मोठे साहाय्य करते.

त्यांचा जन्म पंजाबात, आजच्या तरनतारन जिल्ह्यातील झबाल या गावी, शीख गुरूंच्या सेवेत असलेल्या घराण्यात झाला. पट्टी येथील निधानसिंह यांच्याशी त्यांचा विवाह झाला. इ. स. १६९९ च्या वैशाखीला गुरू गोविंदसिंहजींनी खालसा पंथाची स्थापना केली. या पंथात केस न कापणे हे व्रत स्त्री व पुरुष दोघांनाही सारखेच आहे. म्हणजे ज्या समाजात माई भागो वाढल्या, तेथे लांब केस हे केवळ स्त्रीचे लक्षण नव्हतेच. पुरुषही केस राखीत आणि ते पगडीखाली बांधीत. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

काही वर्षांतच आनंदपूरच्या किल्ल्याला मोगल व पहाडी राजांच्या सैन्याचा दीर्घ वेढा पडला. अन्नावाचून हाल होऊ लागले. तेव्हा चाळीस शिखांनी गुरूंशी आपला संबंध उरला नाही असे लिहून दिले आणि ते घरी परतले. या पत्राला शीख इतिहासात बेदावा म्हणतात. ही वार्ता माई भागो यांना असह्य झाली. त्यांनी त्या पुरुषांना त्यांच्या कर्तव्याची कठोर शब्दांत जाणीव करून दिली आणि स्वतः शस्त्र धारण करून, पुरुषाच्या वेशात, घोड्यावर बसून त्यांना परत रणभूमीकडे नेले.

इ. स. १७०५ मध्ये खिदराणा येथील तळ्याकाठी सरहिंदचा सुभेदार वजीर खान याच्या सैन्याशी त्यांची गाठ पडली. संख्या थोडी असल्याचे शत्रूला कळू नये म्हणून शिखांनी झुडपांवर चादरी पसरल्या. दुरून पाहणाऱ्याला तंबूंची छावणी दिसावी, अशी ती योजना होती, असे परंपरा सांगते. शत्रूला माघार घ्यावी लागली, परंतु ते चाळीसही जण कामी आले. त्यांपैकी महासिंह अखेरच्या घटका मोजीत असता गुरू तेथे आले आणि त्यांच्या विनंतीवरून गुरूंनी बेदाव्याचा कागद फाडून टाकला. हे चाळीस जण ‘चाळीस मुक्ते’ म्हणून ओळखले जातात आणि त्या स्थळाला मुक्तसर हे नाव मिळाले. माई भागो जखमी झाल्या, परंतु वाचल्या.

यानंतर त्या पट्टीला परतल्या नाहीत; गुरूंच्या सोबतच राहिल्या. त्यांच्या पुरुषवेशाविषयी शीख परंपरेत एक कथा आहे. ईश्वरचिंतनात त्यांचे देहभान इतके हरपले की वस्त्रांचीही शुद्ध राहिली नाही; तेव्हा गुरूंनी त्यांना शीख योद्ध्याचा पोशाख व पगडी धारण करण्यास सांगितले. ही कथा आणि रणवेशाची हकिकत एकत्र वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. जो वेश इतरत्र स्त्रीच्या निंदेचे कारण झाला असता, तो येथे गुरूंच्या हातून तिच्या मर्यादेचे रक्षण करणारे वस्त्र झाला.

गुरू दक्षिणेत आले तेव्हा माई भागो त्यांच्या दहा अंगरक्षकांपैकी एक म्हणून नांदेडला आल्या. गोदाकाठच्या त्या छावणीत पहाऱ्यावर उभ्या असलेल्या या व्यक्तीला पाहून वाटसरूंनी काय समजले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पगडी आणि शस्त्र पाहून त्यांनी एक शीख शिपाई पाहिला असे मानले असेल. परंतु छावणीतील सोबत्यांना मात्र त्या पगडीखाली कोण आहे हे ठाऊक होते, आणि त्यांना तिचा वेश बदलण्याची आवश्यकता भासली नाही. मारेकऱ्यांच्या हल्ल्यात झालेल्या जखमांमुळे ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरूंनी देह ठेवला. त्यानंतर माई भागो बिदरजवळील जनवाडा येथे जाऊन राहिल्या आणि वृद्धावस्थेत तेथेच त्यांचे निधन झाले. लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके इ. स. १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. त्यामुळे ही माई नांदेडइतकीच लातूरकरांच्याही शेजारची आहे. जनवाड्याचा गुरुद्वारा त्यांच्या तपाचे स्थान म्हणून पूज्य मानला जातो.

हे चरित्र वाचताना आपल्याला संत जोन ऑफ आर्क हिची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सुमारे १४१२ मध्ये फ्रान्समधील दोंरेमी या खेड्यात जन्मलेल्या या शेतकरी कन्येने १४२९ मध्ये केस आखूड कापले, पुरुषाचे कपडे घातले आणि अकरा दिवस धोक्याच्या मुलखातून प्रवास करून राजाची भेट घेतली. वाटेत तिला कोणी पुरुष समजले असेल तर तेच तिचे संरक्षण होते. त्याच वर्षी मे महिन्यात ऑर्लियाँचा वेढा उठला. पुढील वर्षी ती शत्रूच्या हाती सापडली आणि रुआं येथे बिशप पिएर कोशों यांच्या अध्यक्षतेखाली धर्मन्यायालयात तिच्यावर खटला चालला. तिच्यावरील आरोपांत पुरुषी वेश व कापलेले केस यांनाही स्थान होते. दबावाखाली तिने स्त्रीवेश स्वीकारला. पण पुरुष पहारेकऱ्यांच्या तुरुंगात काही दिवसांतच तिने पुन्हा पुरुषाचे कपडे घातले. ३० मे १४३१ रोजी तिला जिवंत जाळण्यात आले.

त्या न्यायाधीशांना शास्त्राचे ज्ञान नव्हते असे म्हणता येणार नाही. अनुवादाच्या ग्रंथात स्त्रीने पुरुषाचे वस्त्र घालू नये असा नियम आहे, आणि संत पौलाने करिंथकरांस लिहिताना स्त्रीच्या केसांचा विषय काढला आहे. परंतु त्यांच्याही दीडशे वर्षे आधी संत थॉमस अॅक्विनास यांनी असे वस्त्र गरजेपोटी, शत्रूपासून लपण्यासाठी वा अन्य वस्त्र नसल्यास घातले तर त्यात पाप नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. न्यायाधीशांनी केस मोजले, गरज मोजली नाही. १४५६ मध्ये ख्रिस्तसभेने तो निकाल रद्द ठरविला आणि १९२० मध्ये पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी जोनला संतपद बहाल केले.

दोन्ही स्त्रिया एकमेकींपासून सुमारे पावणेतीन शतकांच्या अंतराने होऊन गेल्या. एकीने केस कापले, दुसरीच्या पंथात केस कापणे निषिद्ध होते. तरीही दोघीही पाहणाऱ्याला पुरुष भासू शकत होत्या. म्हणजे गोंधळ केसांच्या लांबीत नाही, आपण तिला जो अर्थ लावतो त्यात आहे. पंजाबात पगडीखाली लांब केस असलेला पुरुष असतो, आपल्याकडे आखूड केसांची भगिनी असते. डोळा सवयीने चुकतो आणि त्या चुकीचा फार मोठा दोषही नाही. प्रश्न उरतो तो चूक कळल्यानंतरच्या वागणुकीचा. रुआंच्या न्यायालयाला जोन स्त्री आहे हे ठाऊक होते, आणि तिने तसे दिसावे म्हणून त्यांनी तिच्यावर सक्ती केली. नांदेडच्या छावणीलाही माई भागो स्त्री आहेत हे ठाऊक होते, आणि त्यांनी पगडी तशीच राहू दिली.

आपल्या गावात, बसस्थानकावर, दवाखान्यात वा मंदिराच्या दारी अशी चूक आपल्या हातून झाली तर करावयाचे फार थोडे आहे. हसू नये, केस का कापले हे विचारू नये, सर्वांसमोर खुलासा मागू नये. ‘ताई, क्षमा करा’ एवढे म्हणून जे काम होते ते पुढे न्यावे. घरातील मोठ्या माणसांनीही, मुलीने केस कापले म्हणून तिच्या लग्नाची वा चारित्र्याची चर्चा करण्याआधी क्षणभर थांबावे. औषधोपचारांत केस गमावलेल्या भगिनीला तर पदर सावरत प्रत्येकाला उत्तर देण्याची पाळी येऊ नये, ही जबाबदारी तिच्याभोवती असलेल्यांची आहे.

नांदेडला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी तख्ताच्या आवारातील बुंगा माई भागो येथे अवश्य जावे. पुरुषाच्या वेशात पहारा देणाऱ्या त्या अंगरक्षकाला तिच्या लोकांनी तीनशेहून अधिक वर्षे ‘माई’ म्हणून हाक मारली आहे.