एडगर कॉड

एडगर फ्रँक कॉड (१९ ऑगस्ट, इ.स. १९२३ - १८ एप्रिल, इ.स. २००३) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ होते. त्यांना संबंधात्मक डेटाबेसचे जनक मानले जाते. बँका, आरक्षण, वेतन आदी व्यवहारांच्या संगणकप्रणाली आज बहुतांशी त्यांच्या सिद्धांतावर उभ्या आहेत.

जीवन

कॉड यांचा जन्म डॉर्सेटमधील पोर्टलंड बेटावर झाला. ऑक्सफर्डच्या एक्सेटर कॉलेजात त्यांनी गणित व रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. इ.स. १९४८ मध्ये ते न्यू यॉर्कला आयबीएममध्ये रुजू झाले. सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या राजकारणामुळे संतापून १९५३ मध्ये ते कॅनडात गेले व काही वर्षांनी अमेरिकेत परतले. १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

संबंधात्मक प्रतिमान

त्या काळी डेटाबेसमधील नोंदी वृक्षासारख्या किंवा जाळ्यासारख्या रचनेत परस्परांशी जोडलेल्या असत. ग्राहकापासून त्याच्या मागणीपर्यंत आणि मागणीपासून मालापर्यंत कोणत्या वाटेने जायचे, हे प्रत्येक प्रोग्रॅममध्येच लिहावे लागे. व्यवसायाची गरज बदलून साठवणुकीची रचना बदलली, की त्या वाटांवर विसंबलेले प्रोग्रॅम मोडत आणि पुन्हा लिहावे लागत.

कॉड यांनी जून १९७० मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकातील लेखात यावर उपाय मांडला. माहिती तक्त्यांत ठेवावी, तक्त्यांमधील नाते मूल्यांवरून जुळावे, वापरकर्त्याने काय हवे तेवढेच सांगावे आणि ते शोधण्याची वाट यंत्राने ठरवावी. कॉड यांचे नाव घेताना बहुधा तक्तेच आठवतात. परंतु त्यांचा खरा भर माहितीची साठवण आणि तिचा वापर यांना एकमेकांपासून अलग ठेवण्यावर होता. एकच तपशील अनेक ठिकाणी नोंदवल्याने उद्भवणारी विसंगती टाळण्यासाठी त्यांनी सामान्यीकरणाचे नियमही दिले.

अशी प्रणाली मंद चालेल, असा आक्षेप घेतला गेला. आयबीएमला आपल्या आयएमएस या जुन्या उत्पादनातून मोठे उत्पन्न मिळत असल्याने कंपनीही उत्साही नव्हती. पुढे तिच्याच 'सिस्टिम आर' प्रकल्पात डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी एसक्यूएलचे मूळ रूप घडवले. ही भाषा सिद्धांताशी पुरेशी प्रामाणिक नाही, अशी कॉड यांची तक्रार होती. एसक्यूएलवर आधारित व्यापारी उत्पादन १९७९ मध्ये ऑरॅकलने बाजारात आणले. आयबीएमचे त्यानंतर, १९८१ मध्ये आले.

उत्तरायुष्य

१९८१ मध्ये कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जुन्याच उत्पादनांवर संबंधात्मक असा शिक्का मारणाऱ्या विक्रेत्यांना आळा घालण्यासाठी त्यांनी १९८५ मध्ये १२ नियम प्रसिद्ध केले. क्रमांकन शून्यापासून असल्याने ते प्रत्यक्षात १३ आहेत. त्यांचे निधन फ्लोरिडात झाले. डेटाबेस क्षेत्रातील संशोधनासाठी एसीएमच्या सिग्मॉड या गटातर्फे त्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो.