नदीकाठ चितारणारा हिरोशिगे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीने सांगितलं. मी पडलो चित्रकलेचा निवृत्त शिक्षक, तेव्हा आवडत्या चित्रकाराविषयीच लिहितो.

हिरोशिगेचा जन्म १७९७ सालचा, जपानमधल्या एदो शहरातला. हेच आजचं टोकियो. वडील एदोच्या किल्ल्यासाठी नेमलेल्या आग विझवणाऱ्या पथकात होते. बाराव्या वर्षी आई-वडील दोघंही गेले आणि वडिलांची नोकरी या पोराच्या गळ्यात पडली. ती सांभाळून तो तोयोहिरो या चित्रकाराकडे शिकला. तोकाइदो या हमरस्त्यावरच्या मुक्कामांची त्याची चित्रं १८३३च्या सुमारास निघाली आणि नाव झालं.

ही चित्रं लाकडी ठशांनी छापलेली. चित्रकाराने पातळ कागदावर काढायचं, कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या फळीवर चिकटवून कोरायचं, छापणाऱ्याने एकेका रंगाचा वेगळा ठसा उमटवायचा आणि पैसा प्रकाशकाने घालायचा. म्हणजे सहकारच की! म्हणूनच चित्र साध्या माणसालाही परवडायचं.

१८५५ साली भूकंपाने एदोची मोठी पडझड झाली. पुढच्याच वर्षी, साठीला टेकलेल्या हिरोशिगेने आपल्याच शहराची शंभरावर चित्रं काढायला घेतली. सुमिदा नदीच्या पुलावर अचानक आलेला पाऊस, डोकं झाकून पळणारी माणसं आणि खाली तराफा हाकणारा एकटा माणूस. निहोनबाशी पुलावरचे मासेवाले. वखारीच्या पाण्यात बर्फाने झाकलेले ओंडके. १८५८ साली, एदोत कॉलऱ्याची साथ असताना तो वारला. पावसाचं ते चित्र १८८७ साली व्हॅन गॉगने तैलरंगात उतरवून घेतलं.

आता माझी खंत सांगतो. उभा जन्म नंदुरबार जिल्ह्यात गेला. प्रकाशाला तापीच्या घाटावर कितीदा गेलो. पण वर्गात मुलांना काढायला लावलं काय? दोन डोंगर, मधोमध सूर्य, एक झोपडी! पुढे तापीवर बॅरेज झालं, पाणी अडलं, काठ बदलला. आधीच्या काठाचं एकही चित्र माझ्या वहीत नाही.

आपल्या सोसायटीलाही पंचवीस वर्षं झाली. मुलांनो, या सुट्टीत आपला जिना, पाण्याची टाकी, गेटवरची भाजीची हातगाडी, कोरीटचा रस्ता, जे रोज दिसतं ते काढा. कागद आणि रंग माझ्याकडून.