दीनबंधु फ्रेडरिक ओझानाम

संत व्हिन्सेंट डी पॉल सभेचें नांव आपल्या वाचकांस नवें नाहीं. पण ही सभा एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या खटपटीनें उभी राहिली, आणि ती वाढावी म्हणून त्यास आपल्याच जिवलग मित्रांचा विरोध पत्करावा लागला, ही हकीकत मात्र थोड्यांसच ठाऊक असते.

फ्रेडरिक ओझानाम यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजीं इटलींतील मिलान येथें एका फ्रेंच घराण्यांत झाला. त्यांचें बालपण फ्रान्समधील ल्यों शहरीं गेलें. वडील डॉक्टर असून गोरगरिबांस मोफत औषधोपचार करीत. १८३१ सालीं कायदा शिकण्यासाठीं फ्रेडरिक पॅरिसला आले. त्या काळीं तेथील विद्यापीठांत श्रद्धावान् तरुणाची उघड थट्टा होत असे. एमान्युएल बाय्यी नांवाच्या वृत्तपत्रकारांच्या देखरेखीखालीं विद्यार्थ्यांची एक चर्चामंडळी भरे, व तींत नास्तिकांसही मज्जाव नसे. तेथें एकदां प्रतिपक्षानें टोमणा मारला कीं, ख्रिस्ती धर्मानें पूर्वीं मोठीं कार्यें केलीं हें कबूल, पण आज त्याचे अनुयायी काय करून दाखवितात? हा बाण वर्मीं लागला. वादविवाद जिंकून याचें उत्तर देतां येण्यासारखें नव्हतें.

२३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशीं, बाय्यी यांच्या वृत्तपत्राच्या कचेरींत सहासात जण जमले. वडीलकीच्या नात्यानें अध्यक्षपद बाय्यी यांजकडे गेलें. गरिबांच्या घरीं जाऊन त्यांस साह्य करावें असें ठरलें खरें. पण गरीब राहतात कोठें, त्यांस काय हवें, याची या पुस्तकी तरुणांस गंधवार्ताही नव्हती! तेव्हां ते मुफतार भागांतील सिस्टर रोझाली रांदू यांजकडे गेले. या धर्मभगिनी कित्येक वर्षें त्या दरिद्री वस्तींत राबत होत्या. त्यांनीं कुटुंबांची यादी दिली, मंडळीची थैली रिकामी म्हणून पाव व कोळसा यांच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि दारिद्र्यानें गांजलेल्या माणसाशीं बोलावें कसें हेंही शिकविलें. आमच्या मतें सभेचा खरा पाया येथें घातला गेला. आधींपासून काम करणाऱ्यांच्या दारीं जाणें नव्या उत्साही मंडळीस बहुधा कमीपणाचें वाटतें. हे तरुण मात्र शिष्य म्हणून गेले.

दीड वर्षांत सभासद शंभराच्या घरांत पोहोंचले. एका खोलींत बसणें अशक्य झालें. डिसेंबर १८३४ मध्यें ओझानाम यांनीं सभेचे निरनिराळे भाग करावे अशी सूचना मांडली, आणि खळबळ उडाली. जे मित्र एकमेकांच्या संगतीनें श्रद्धेंत टिकले होते त्यांस ही फाटाफूट वाटली. विरोध करतांना कित्येकांचे डोळे भरून आले. त्यांची भीति निराधार होती असें म्हणवत नाहीं. स्नेहावर उभी असलेली मंडळी विभागली म्हणजे पुष्कळदां विरून जाते. उलट ओझानाम यांस दिसत होतें कीं, हें कार्य मित्रांच्या गोतावळ्यापुरतेंच राहिलें तर त्या गोतावळ्याबरोबरच संपेल. ३१ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत वाद चालला. अखेर बाय्यी यांनीं तो थांबविला, आणि भांडणाऱ्यांनीं परस्परांस आलिंगन देऊन नववर्षाचें स्वागत केलें.

१८३५ च्या आरंभीं सभेचे दोन भाग झाले. त्याच वर्षीं नियमावली तयार झाली व नीम शहरीं पॅरिसबाहेरची शाखा निघाली. १८३६ सालीं ल्यों व रोम येथें शाखा झाल्या. प्रत्येक शाखेनें आपल्या वस्तीचें काम आपणच पाहावें, नियम व प्रार्थना सर्वांची एक असावी, आणि पत्रव्यवहारानें एकमेकांचे अनुभव कळवावे, अशी ही घडण होती. १८४४ सालीं बाय्यी पदावरून उतरले तेव्हांही ओझानाम यांनीं सर्वोच्च पद घेतलें नाहीं. ते उपाध्यक्षच राहिले.

दरम्यान ते सोर्बोन विद्यापीठांत परदेशी वाङ्मयाचे अध्यापक झाले होते. १८४१ सालीं अमेली सुलाक्रवा यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. त्यांस मारी ही एकच कन्या.

पाव-कोळशाच्या चिठ्ठ्यांनीं दारिद्र्य हटणार नाहीं, हें त्यांस पुरतें कळलें होतें. ल्यों हें रेशीम विणणाऱ्यांचें शहर. मजुरीच्या व संघटनेच्या प्रश्नावर तेथील विणकरांनीं १८३१ व १८३४ सालीं केलेले उठाव सैन्यानें मोडून काढले होते. त्याच शहरीं १८४० च्या सुमारास व्यापारी कायदा शिकवितांना ओझानाम यांनीं योग्य वेतन हा मजुराचा हक्क म्हणून प्रतिपादिला. पोप लिओ तेरावे यांचें मजुरांविषयींचें परिपत्रक त्यानंतर अर्ध्या शतकानें, १८९१ सालीं, निघालें.

जून १८४८ मध्यें पॅरिसच्या मजुरांचें बंड पेटलें. रक्तपात थांबावा म्हणून ओझानाम व त्यांचे दोन स्नेही आर्चबिशप आफ्र यांस मध्यस्थीची विनंति करावयास गेले. आर्चबिशप बंडवाल्यांनीं रस्त्यांत उभारलेल्या अडथळ्यापाशीं गेले. तेथें त्यांस गोळी लागली, आणि दोन दिवसांनीं त्यांचें देहावसान झालें. तरीही सुडाची भाषा ओझानाम यांनीं केली नाहीं. ‘नवयुग’ अशा अर्थाच्या नांवाच्या पत्रांत ते लिहीत राहिले कीं, बंड मोडलें तरी दारिद्र्य शिल्लकच आहे. पुष्कळ सधन कॅथलिकांस हें रुचलें नाहीं, व तें पत्र फार दिवस टिकलें नाहीं.

प्रकृति खालावत चालली होतीच. ८ सप्टेंबर १८५३ रोजीं, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशीं, मार्सेय बंदरीं त्यांचें निधन झालें. वय अवघें चाळीस. २२ ऑगस्ट १९९७ रोजीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं पॅरिसच्या नोत्र-दाम महामंदिरांत त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें. ज्यांनीं त्यांस गरिबांच्या घरची वाट दाखविली त्या सिस्टर रोझाली यांसही तोच मान २००३ सालीं मिळाला. ओझानाम यांच्या सभेची शाखा मुंबईंत निघाली ती १८६३ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर दहाच वर्षांनीं.