जे मायनर

जे ग्लेन मायनर (३१ मे, इ.स. १९३२:प्रेस्कॉट, ॲरिझोना, अमेरिका - २० जून, इ.स. १९९४:माउंटन व्ह्यू, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन अभियंते व संगणकीय चिपचे रचनाकार होते. अटारी २६०० हा व्हिडिओ गेम संच, अटारी ४०० व ८०० हे घरगुती संगणक आणि ॲमिगा ही संगणकमालिका यांच्या मुख्य चिप त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाल्या. त्यांना ॲमिगाचे जनक म्हटले जाते. घरगुती संगणक खरेदीनंतरही वाढवता आला पाहिजे, या त्यांच्या आग्रहामुळे ॲमिगाला अधिक मेमरी व हार्ड डिस्क जोडणे शक्य झाले.

== शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द ==

तरुणपणी मायनर यांनी अमेरिकेच्या तटरक्षक दलात सेवा केली. इलेक्ट्रॉनिक्सचे पहिले प्रशिक्षण त्यांना तेथेच मिळाले. पुढे त्यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून इ.स. १९५८ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेतली. इ.स. १९६०च्या दशकात जनरल मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीत असताना त्यांनी गणकयंत्रांच्या चिपवर काम केले. इ.स. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सिनरटेक या कंपनीच्या संस्थापकांत त्यांचा समावेश होता.

== अटारी ==

इ.स. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मायनर अटारी कंपनीत दाखल झाले. अटारी २६०० या संचातील चित्र व ध्वनी निर्माण करणारी टीआयए ही चिप त्यांच्या देखरेखीखाली घडली. त्यानंतर त्यांनी इ.स. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या अटारी ४०० व ८०० या संगणकांच्या चिपसंचाचे नेतृत्व केले. यांपैकी अटारी ८०० या संगणकाचे झाकण उघडून आतील खाचांमध्ये मेमरीच्या पेट्या बसवता येत आणि त्याची मेमरी ४८ किलोबाइटपर्यंत वाढवता येई.

यानंतर मोटोरोला ६८००० या अधिक सामर्थ्यवान प्रोसेसरवर आधारित संगणक तयार करावा, अशी मायनर यांची इच्छा होती. अटारीच्या व्यवस्थापनाने त्यास प्रतिसाद न दिल्याने त्यांनी कंपनी सोडली. काही काळ त्यांनी हृदयासाठीच्या पेसमेकर यंत्रांच्या चिपवर काम केले.

== ॲमिगा ==

इ.स. १९८२ मध्ये मायनर हाय-टोरो या नव्या कंपनीत रुजू झाले. पुढे या कंपनीने ॲमिगा हे नाव घेतले. गुंतवणूकदारांना खेळांसाठीचे यंत्र हवे होते. मायनर यांना मात्र पूर्ण क्षमतेचा संगणक घडवायचा होता. कळफलक, डिस्क व अधिक मेमरी जोडण्याची सोय त्यांनी रचनेत सुरुवातीपासूनच ठेवली. चिप तयार होण्यापूर्वी त्यांचे काम तारांनी जोडलेल्या मोठ्या सर्किट बोर्डांवर तपासले जाई. लोरेन हे सांकेतिक नाव असलेला हा नमुना इ.स. १९८४ मध्ये उद्योगक्षेत्रातील लोकांना दाखवण्यात आला.

कंपनीजवळचा पैसा संपत आला, तेव्हा तिने अटारीकडून ५ लाख डॉलर घेतले. ही रक्कम मुदतीत परत न केल्यास चिपची रचना अटारीच्या हाती जाणार होती. अखेर कमोडोर कंपनीने ऑगस्ट १९८४ मध्ये ॲमिगा विकत घेतली. खर्च कमी ठेवण्यासाठी कमोडोरला कमी मेमरीचा, विस्ताराची सोय नसलेला संगणक हवा होता. बाजूच्या विस्तार-जोडणीसाठी मायनर व त्यांच्या सहकाऱ्यांना बराच वाद घालावा लागला. २३ जुलै १९८५ रोजी न्यू यॉर्क येथे सादर झालेल्या ॲमिगा १००० मध्ये २५६ किलोबाइट मेमरी होती. समोरच्या झाकणामागे आणखी २५६ किलोबाइट बसवता येत होती आणि उजव्या बाजूला ८६ संपर्कांची विस्तार-जोडणी होती.

== मेमरी व हार्ड डिस्कचा विस्तार ==

ॲमिगामध्ये ॲग्नस, डेनिस व पॉला या तीन विशेष चिप प्रोसेसरबरोबर एकच मेमरी वापरत. या मेमरीस चिप रॅम म्हणतात. आरंभीच्या ॲग्नस चिपला ५१२ किलोबाइटपर्यंतचीच मेमरी वापरता येई. पडद्यावरील चित्रांचे काम वाढले की प्रोसेसरला थांबावे लागे. बाजूच्या जोडणीतून दिलेली मेमरी केवळ प्रोसेसरच्या वाट्याला येत असल्याने तीस फास्ट रॅम हे नाव पडले. अशी ८ मेगाबाइटपर्यंतची मेमरी जोडता येत होती.

त्या काळी अनेक संगणकांत नवे कार्ड बसवताना त्यावरील लहान स्विच हाताने लावावे लागत. ॲमिगाच्या ऑटोकॉन्फिग पद्धतीत जोडलेले उपकरण आपला प्रकार व आकार स्वतःच कळवी आणि संगणक त्यास मेमरीतील पत्ता नेमून देई.

इ.स. १९८७ मधील ॲमिगा ५०० या स्वस्त संगणकातही ८६ संपर्कांची जोडणी डाव्या बाजूला कायम राहिली. त्याच्या तळाशी असलेल्या झाकणातून ५१२ किलोबाइट मेमरी वाढवता येई. मात्र ती चिप रॅमच्याच मार्गावर असल्याने प्रोसेसरला तिचा वेगासाठी लाभ होत नसे.

हार्ड डिस्क जोडली तरी आरंभी संगणक फ्लॉपीवरूनच सुरू करावा लागे. इ.स. १९८८ मधील किकस्टार्ट १.३ या आवृत्तीमुळे योग्य कंट्रोलर असल्यास थेट हार्ड डिस्कवरून संगणक सुरू होऊ लागला. ॲमिगा १००० किकस्टार्टच फ्लॉपीवरून वाचत असल्याने त्याच्या मालकांना नवी फ्लॉपी पुरेशी होती. ॲमिगा ५०० मध्ये मात्र रॉम चिप बदलावी लागे. कमोडोरच्या ए५९० या उपकरणात २० मेगाबाइटची हार्ड डिस्क व २ मेगाबाइटपर्यंत फास्ट रॅम बसवण्याची जागा होती.

== उत्तरायुष्य ==

व्हिडिओ रॅमवर आधारित नव्या चिपसंचावरही मायनर यांनी काम केले, परंतु कमोडोरने तो बाजारात आणला नाही. कमोडोर सोडल्यानंतर ते पुन्हा वैद्यकीय उपकरणांकडे वळले व व्हेंट्रिटेक्स कंपनीत शरीरात बसवण्याच्या डिफिब्रिलेटर यंत्रांवर त्यांनी काम केले. ते स्वतः दीर्घकाळ मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होते. त्यांना डायलिसिसवर अवलंबून राहावे लागे. त्यांच्या बहिणीने त्यांना आपले एक मूत्रपिंड दिले होते. बोन्साय वृक्ष जोपासणे व स्क्वेअर डान्स हे त्यांचे छंद होते. कामाच्या ठिकाणी त्यांची कुत्री मिची सोबत असे. ॲमिगा १००० च्या आवरणाच्या आतील बाजूस चमूच्या स्वाक्षऱ्यांसह तिच्या पंजाचा ठसा आहे.

२९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने दिवाळखोरी जाहीर केली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, वयाच्या ६२ व्या वर्षी मायनर यांचे मूत्रपिंडाच्या विकारातील गुंतागुंतीमुळे निधन झाले.

== वारसा ==

जुन्या ॲमिगा संगणकांचे हौशी वापरकर्ते आजही त्यांना नवी मेमरी जोडतात व बिघडलेल्या हार्ड डिस्कऐवजी मेमरी कार्ड बसवतात. अशी नवी विस्तार-उपकरणेही इ.स. १९८५ मधील ऑटोकॉन्फिग पद्धतीनेच संगणकाला आपली ओळख देतात.