मेंढीकोटमध्ये भिडूला खूण केली तर चिटिंग. ब्रिजमध्ये मात्र या माणसाने त्याची उघड भाषाच घराघरात नेली

मेंढीकोट खेळताना भिडूला डोळा मारला की समोरचे दोघे लगेच पानं टाकून भांडायला उठतात. इस्लापूर-किनवटकडचा पार असो की मुंबईची लोकल, खाणाखुणा चालत नाहीत.

ब्रिजमध्येही त्या चालत नाहीत. पण तिथे एक वाट उघडी आहे. पानं खेळण्याआधी बोली लागते आणि त्या बोलीतूनच, चौघांच्या समोर, तुम्ही भिडूला सांगू शकता की किलवरचा एक्का माझ्याकडे आहे. याला क्यू बिड म्हणतात.

बोलीची ही भाषा सामान्य माणसापर्यंत नेणारा गडी म्हणजे एली कल्बर्टसन.

त्याचा जन्म १८९१ चा, रोमानियातला. वडील अमेरिकन खाण इंजिनिअर, आई रशियातल्या कोसॅक घराण्यातली. १९१७ च्या रशियन क्रांतीत घरची संपत्ती गेली. हाताशी उरले ते पत्ते. त्यावर पोट भरत तो आधी पॅरिसला आणि मग अमेरिकेत पोहोचला. न्यूयॉर्कमध्ये त्याला जोसेफिन भेटली. ती ब्रिज शिकवायची आणि उत्तम खेळायची. १९२३ मध्ये दोघांनी लग्न केलं.

दोनच वर्षांनी खेळच बदलला. १९२५ मध्ये हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या श्रीमंत अमेरिकन माणसाने बोटीच्या प्रवासात गुणांची नवी पद्धत आणली. आता नुसते हात जिंकून भागत नव्हतं. जेवढे हात आधी बोलाल तेवढेच गेमसाठी धरले जाणार. १३ पैकी १२ हात बोलून केले तर स्मॉल स्लॅम, १३ केले तर ग्रँड स्लॅम, आणि दोन्हींना घसघशीत बोनस.

म्हणजे भिडूकडे काय आहे हे आधीच कळणं गरजेचं झालं. कल्बर्टसनने हे बरोबर हेरलं. १९२९ मध्ये त्याने ‘द ब्रिज वर्ल्ड’ हे मासिक काढलं, १९३० मध्ये बोलीच्या पद्धतीचं ‘ब्लू बुक’. ते धडाक्यात खपलं.

आता क्यू बिड समजून घेऊ. इस्पिक हुकूम ठरलाय, तुमच्या दोघांकडे भरपूर मोठी पानं आहेत. तरी चौकटचा एक्का आणि राजा दोन्ही विरोधकांकडे असतील, तर पहिले दोन हात गेले आणि स्लॅम बुडाला. म्हणून हुकूम ठरल्यावर तुम्ही ‘चार किलवर’ बोलता. किलवर खेळायचं नसतंच, सांगायचं एवढंच की त्या रंगात माझा कंट्रोल आहे. भिडू मधली चौकट सोडून थेट ‘चार बदाम’ बोलला, तर अर्थ दुहेरी: बदामात कंट्रोल आहे, चौकटीत नाही. तुमच्याकडेही चौकटीत काही नसेल तर मुकाट्याने चार इस्पिकवर थांबायचं.

एक्का असणं किंवा त्या रंगाचं एकही पान नसणं हा पहिला कंट्रोल. राजा किंवा एकच पान हा दुसरा. जुन्या काळी आधी पहिला कंट्रोल दाखवायचे. पुढे इटलीच्या ‘ब्लू टीम’ने दोन्ही एकाच बोलीत दाखवायची रीत गाजवली. यात धोकाही आहे. भिडूला जे कळतं ते विरोधकांनाही कळतं आणि कच्च्या रंगाची उतारी होते.

सगळ्यांना कल्बर्टसनची पद्धत पटली नव्हती. १९३१ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये सिडनी लेंझविरुद्ध १५० रबरचा सामना लागला. कल्बर्टसनने लेंझच्या १,००० डॉलरसमोर ५,००० डॉलर लावले. पैसे दानाला जाणार होते, पण पणाला त्याचं सगळं दुकान होतं. हरला असता तर पुस्तकं कोण घेणार?

पंच होते आल्फ्रेड ग्रुएंथर, पुढे ‘नाटो’चे सरसेनापती झाले तेच. सामना सुरू असतानाच लेंझचा भिडू ओस्वाल्ड जेकोबी वाद होऊन निघून गेला. कल्बर्टसनकडून अर्ध्याहून जास्त रबर जोसेफिन खेळली. जानेवारी १९३२ मध्ये ते ८,९८० गुणांनी जिंकले.

यानंतर पैसा आणि नाव दोन्ही आलं. पण टेबलावर जमलेली ही जोडी घरात टिकली नाही. १९३८ मध्ये घटस्फोट झाला.

स्लॅमसाठी त्याने ‘आस्किंग बिड’ही आणली. त्यात आपला कंट्रोल सांगायचा नाही, भिडूला त्याचा विचारायचा. ती सामान्य खेळाडूला जड गेली. उलट ईझली ब्लॅकवूडची सोपी युक्ती, चार नो-ट्रम्प बोलून एक्के किती ते विचारायचं, जगभर चालली. गंमत म्हणजे १९३३ मध्ये कल्बर्टसनच्याच मासिकाने तिच्यावरचा लेख नाकारला होता. पण ब्लॅकवूडने एक्के किती ते कळतं, कुठल्या रंगाचे ते नाही. तिथे क्यू बिडच लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्बर्टसनने ब्रिज मागे टाकून जागतिक शांततेच्या योजना मांडल्या. देशांनी त्या स्वीकारल्या नाहीत. इकडे ब्रिजचं सिंहासन चार्ल्स गोरेनकडे गेलं. २७ डिसेंबर १९५५ रोजी कल्बर्टसन गेला. तीन महिन्यांत जोसेफिनही गेली.

आज त्याची बरीचशी पद्धत जुनी झालीय. पण स्लॅमच्या वाटेवर खेळाडू अजूनही चार किलवर बोलतो आणि समोरच्या भिडूला कळतं, हा किलवर खेळायचं म्हणत नाहीये.